जेट इंधनातलं अ‍ॅडिटिव्ह तपासायचंय? आधी नुसतं साधं इंधन जाळा

पहिलं काम म्हणजे अ‍ॅडिटिव्हची (इंधनात अगदी थोडं मिसळून ज्वलन सुधारतं का हे तपासायचं त्या रसायनाची) बाटली कपाटात ठेवायची, कुलूप लावायचं आणि किल्ली लॅबमधल्या दुसऱ्या कुणाकडे तरी देऊन टाकायची. आमच्याकडे ती मामांकडे असते. मामा म्हणजे आमचे लॅब असिस्टंट. मुलंही त्यांना मामाच म्हणतात आणि मीही. निदान आठ-दहा दिवस ती बाटली बाहेर काढायची नाही. फायनल इयरच्या मुलांना हे जड जातं. जानेवारीत प्रोजेक्ट सुरू होतो, एप्रिलमध्ये सबमिशन, आणि मॅडम म्हणतात नुसतं साधं इंधन जाळत बसा. पण आपलंच रीडिंग रोज किती हलतं हे ज्याला माहीत नाही, त्याला अ‍ॅडिटिव्हने काय हललं हे कधीच कळणार नाही. हे मी एकदा चुकून शिकले आहे, ते पुढे सांगते.

मी छत्रपती संभाजीनगरच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयात मेकॅनिकल शिकवते. थर्मल लॅबच्या मागे पत्र्याची शेड आहे, तिथे मॉडेल विमानांना लावतात तसलं एक छोटं टर्बोजेट बेंचवर बसवलं आहे. थ्रस्ट, म्हणजे पुढे ढकलायचा जोर, साधारण १०० न्यूटन. आयडलला, म्हणजे सगळ्यात कमी जोरावर नुसतं फिरताना, चाळीस हजारांच्या आसपास आरपीएम (मिनिटाला फेरे), पूर्ण जोरात दीड लाख. आयडलला मिनिटाला १०० मिलीच्या आसपास इंधन पितं आणि पूर्ण जोरात ४०० मिलीपर्यंत. चिकलठाण्याला उतरणाऱ्या विमानाच्या इंजिनापुढे हे अगदीच लहान. पण हवा दाबणारा कॉम्प्रेसर, इंधन जाळणारा कम्बस्टर, धुराच्या जोरावर फिरणारं टर्बाइन, धूर मागे सोडणारं नॉझल हा क्रम तोच आणि इंधनही तेच, जेट ए-१ हे केरोसिन. ज्यांच्या कॉलेजात असा बेंच आहे किंवा येऊ घातला आहे, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

मोजायचं कुठे

ज्वलनक्षमता म्हणजे इंधनात जितकी उष्णता आहे त्यातली किती खरोखर मोकळी झाली. प्रवासी विमानाचं इंजिन टेकऑफला आणि वर उंचीवर उडताना ९९.९ टक्क्यांच्याही वर असतं. म्हणजे तिथे ज्वलन सुधारायला जागाच उरलेली नाही. एखादा विक्रेता ‘पाच टक्के इंधन वाचतं’ म्हणाला, तर ते नेमकं कुठून वाचतं हे त्याला विचारायचं. जळायचं राहिलेलंच जेमतेम एक दशांश टक्का, त्यातून पाच टक्के कसे निघतील?

जागा आहे ती कमी जोरावर. कम्बस्टरमध्ये येणारी हवा तेव्हा कमी दाबाची आणि कमी तापलेली असते, ज्वाला थंड कडांना लागून अर्ध्यातच विझते, आणि कार्बन मोनॉक्साइड व न जळलेलं हायड्रोकार्बन मागून बाहेर पडतं. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या प्रदूषण चाचणीत चार टप्पे धरतात: टॅक्सी ७ टक्के थ्रस्ट, लँडिंगची उतरण ३० टक्के, चढण ८५ टक्के आणि टेकऑफ १००. टॅक्सीचे २६ मिनिटं धरतात, टेकऑफचं जेमतेम ०.७ मिनिट. आम्ही आयडल, ३० आणि ८५ असे तीन टप्पे घेतो, त्यातही निम्म्याहून जास्त वेळ आयडलला देतो. छोट्या इंजिनात कम्बस्टर मुठीएवढा, वायूला आत थांबायला वेळच नाही, म्हणून आमच्याकडे पूर्ण जोरातही ज्वलन मोठ्या इंजिनाइतकं पुरं होत नाही. चाचणीच्या दृष्टीने ते सोयीचंच आहे, फरक दिसायला वाव मिळतो.

अ‍ॅडिटिव्ह कशासाठी असतं हेही आधी नीट समजून घ्या. विमान इंधनात मान्य असलेली बहुतेक अ‍ॅडिटिव्हज ज्वलनासाठी नाहीतच. स्थिर वीज साचू नये म्हणून घालतात ते पहिल्यांदा लिटरला जास्तीत जास्त ३ मिलिग्रॅम. बर्फ धरू नये म्हणून घालतात ते आकारमानाने ०.१ टक्क्याच्या आसपास. तांब्यासारख्या धातूमुळे इंधन खराब होऊ नये म्हणून एक, ऑक्सिडेशन थांबवायला एक. अमेरिकन हवाई दलाने १९९०च्या दशकात जेपी-८+१०० नावाचं इंधन आणलं, त्यात लिटरला २५६ मिलिग्रॅमचा पुडा होता. तो इंधन तापल्यावर नॉझलमध्ये काजळी धरू नये म्हणून. अशा अ‍ॅडिटिव्हचा फायदा शेकडो तास इंजिन चालल्यावर स्वच्छ नॉझलच्या रूपाने दिसतो. दहा मिनिटांच्या चाचणीत तो दिसला नाही म्हणून अ‍ॅडिटिव्ह वाईट ठरत नाही, आणि दिसला तर बहुधा आपलं काहीतरी चुकलेलं असतं.

लोखंड किंवा मँगनीज असलेली धूर कमी करणारी रसायनं वेगळी. ती काजळी खरंच कमी करतात, पण त्यांचं ऑक्साइड टर्बाइनच्या पात्यांवर थर धरून बसतं. ती मी आमच्या इंजिनात घालू देत नाही.

शेडमधली पहिली भीती

जेट ए-१ चा फ्लॅश पॉइंट, म्हणजे ज्या तापमानाला त्याची वाफ ठिणगीने पेटू शकते तो आकडा, किमान ३८ अंश सेल्सिअस असावा लागतो. एप्रिल-मे महिन्यात आपल्याकडे दुपारी सावलीतच ४१-४२ होतं, पत्र्याखाली त्याहून जास्त. म्हणजे पुस्तकात ज्याला सहज पेट न घेणारं इंधन म्हणतात, ते आपल्या शेडमध्ये दुपारी पेटू शकेल इतकी वाफ सोडत बसलेलं असतं. मुंबईच्या किंवा परदेशातल्या सूचना वाचून काम करणाऱ्यांना हे सुचत नाही. इंधन सकाळीच ओतायचं, कॅन सावलीत आणि जमिनीवर ठेवायचे, प्लास्टिकचे नव्हे तर धातूचे वापरायचे आणि ओतताना दोन्ही कॅन तारेने एकमेकांना व अर्थिंगला जोडायचे. फोमचा आणि कार्बन डायऑक्साइडचा असे दोन सिलिंडर हाताशी. इंजिन चालू असताना टर्बाइन ज्या रेषेत फिरतं त्या रेषेत, म्हणजे बाजूला, कुणी उभं राहायचं नाही. पातं सुटलं तर ते तिकडेच जातं. कानावर मफ सगळ्यांनाच. शेड दोन्ही बाजूंनी उघडी हवी, कारण बंद शेडमध्ये इंजिन स्वतःचाच धूर परत ओढतं आणि रीडिंग खोटं येतं.

आणखी एक, हे स्पष्ट लिहून ठेवायला हवं: आपण मिसळलेलं कुठलंही इंधन खऱ्या विमानाजवळ न्यायचं नाही. विमानासाठी नवं अ‍ॅडिटिव्ह मान्य व्हायचं तर एएसटीएम या मानक संस्थेच्या डी४०५४ ची वाट आहे. आधी इंधनाचे ठरलेले गुणधर्म, मग त्या कामाला ते योग्य आहे का याच्या तपासण्या, मग सुट्या भागांवर चाचण्या, मग पूर्ण इंजिनावर. आपला बेंच त्या वाटेवर पाय ठेवण्याआधीचा अभ्यास आहे.

इंधन आणि त्यातलं तेल

रेशनचं निळं रॉकेल वापरू नका. त्यात रंग घातलेला असतो आणि त्याला विमान इंधनाचे निकष लागू नाहीत. जेट ए-१ ला भारतात आयएस १५७१ हे मानक आहे: १५ अंशांना घनता ७७५ ते ८४० किलो प्रति घनमीटर, उष्मांक किलोला किमान ४२.८ मेगाज्यूल, अ‍ॅरोमॅटिक्स (धुरकट जळणारे घटक) साधारण २५ टक्क्यांपर्यंतच. बघा, मानकाच्या आतच केवढी मोकळीक आहे! दोन वेगळ्या खेपांच्या इंधनात अ‍ॅडिटिव्हपेक्षा मोठा फरक असू शकतो. म्हणून सगळ्या चाचण्यांना पुरेल इतकं इंधन एकाच खेपेचं घ्यायचं आणि तुलना त्याच पिंपातल्या इंधनाशी करायची.

आता तेलाचं. अशा छोट्या टर्बोजेटला वेगळी ऑइल सिस्टिम नसते. इंधनातच साधारण ५ टक्के टर्बाइन ऑइल मिसळतात, त्यातूनच बेअरिंगला वंगण मिळतं आणि ते तेलही शेवटी धुरात जातं. जरा हिशोब करा. लिटरला २५६ मिलिग्रॅम अ‍ॅडिटिव्ह म्हणजे वजनाने दहा लाखांत साधारण ३२० भाग. पाच टक्के तेल म्हणजे दहा लाखांत ५०,००० भाग. एखाद्या मुलाने घाईत एका कॅनमध्ये ५ ऐवजी ५.२ टक्के तेल ओतलं, तर तो २,००० भागांचा फरक झाला, अ‍ॅडिटिव्हच्या सहापट. म्हणून आधी एका मोठ्या पिंपात इंधन आणि तेल एकदाच मिसळायचं. नंतर त्याच मिश्रणाचे दोन वाटे करायचे आणि एका वाट्यात अ‍ॅडिटिव्ह घालायचं. या एका बदलाने आमची आकडेवारी इतर कशाहीपेक्षा जास्त सुधारली.

लिटरला २५६ मिलिग्रॅमच्या हिशोबाने २० लिटरला ५.१२ ग्रॅम लागतात. ते सिरिंजने मोजू नका. केमिस्ट्री विभागातल्या काट्यावर वजन करा, अर्ध्या लिटर इंधनात नीट विरघळवा आणि मग मोठ्या कॅनमध्ये ओतून ढवळा.

काही मुलं विचारतात, मॅडम, जत्रोफाचं तेल मिसळून बघू का? आपल्याकडे बांधावर मोगली एरंड पाहिलेला असतो आणि २७ ऑगस्ट २०१८ ला डेहराडून ते दिल्ली उडालेल्या विमानाची बातमीही वाचलेली असते. त्या विमानाच्या एका इंजिनात २५ टक्के जैवइंधन होतं हे खरं. पण ते घाण्यातलं तेल नव्हतं. डेहराडूनच्या भारतीय पेट्रोलियम संस्थेने त्यावर हायड्रोजनची प्रक्रिया करून त्याचं केरोसिनसारखं हायड्रोकार्बन केलं होतं. कच्चं तेल घट्ट असतं, छोट्या इंजिनाच्या बारीक नळ्यांत ते करपून बसतं. उत्सुकता चांगली, पण ते करायचं नाही.

ऊन

ही माझी चूक. पहिल्या वर्षी आम्ही सकाळी साडेसातला साधं इंधन जाळायचो, नाश्ता करून यायचो आणि साडेअकराच्या पुढे अ‍ॅडिटिव्हचं मिश्रण. रोज तेच वेळापत्रक, कारण मुलांना ते सोयीचं होतं. दुपारी कार्बन मोनॉक्साइड दरवेळी कमी यायचं. आलेख सुंदर होता. मुलांनी पोस्टर केलं, मी त्यावर सही केली. मामा मात्र दोन दिवस गप्प राहून म्हणाले, “मॅडम, ऊन वाढायलंय तसं मशीन चांगलं जळायलंय. उद्या उलटं करून बघू.” दुसऱ्या दिवशी सकाळी अ‍ॅडिटिव्ह आणि दुपारी साधं इंधन असा क्रम लावला. या खेपेला साधं इंधन ‘चांगलं’ निघालं. बाटलीचा काही संबंधच नव्हता. पोस्टर उतरवलं आणि मुलांना नवा अहवाल लिहायला वेळ मागून दिला.

कारण साधं आहे. आत येणारी हवा आधीच तापलेली असली की कॉम्प्रेसरमधून ती आणखी तापून कम्बस्टरमध्ये जाते आणि आयडलला कार्बन मोनॉक्साइड जास्त पुरतं जळतं. शिवाय तापलेल्या हवेत तोच आरपीएम म्हणजे तेच काम नव्हे. यासाठी आरपीएम दुरुस्त करून घेतात: हवेचं तापमान केल्विनमध्ये घ्यायचं, २८८.१५ ने भागायचं, त्याचं वर्गमूळ काढायचं, आणि प्रत्यक्ष आरपीएमला त्याने भागायचं. दुरुस्त आरपीएम १,००,००० हवा असेल तर ४० अंशांना इंजिन १,०४,२५० च्या आसपास फिरवावं लागतं आणि जानेवारीच्या सकाळी १४ अंशांना ९९,८३०. थ्रस्टसाठी दाबाची दुरुस्ती वेगळी. संभाजीनगर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरहून उंच आहे, इथे हवेचा दाब साधारण ९५ किलोपास्कल असतो. मोजलेला थ्रस्ट प्रत्यक्ष दाब भागिले १०१.३२५ या गुणोत्तराने भागायचा. दाब मोबाइलच्या हवामान अ‍ॅपवरून घेऊ नका. ते बहुतेकदा समुद्रसपाटीला आणलेला आकडा दाखवतात. बॅरोमीटर शेडमध्ये लावा.

पण सूत्राने सगळं निस्तरत नाही. ज्वालेतली रसायनं खऱ्या तापमानाला वागतात, दुरुस्त केलेल्या नाही. म्हणून आता आम्ही सकाळी सहा ते नऊ एवढ्याच वेळात काम करतो, आणि एका जोडीतल्या दोन चाचण्यांमध्ये हवेचं तापमान २ अंशांहून जास्त बदललं तर ती जोडी बाद.

उन्हाचा आणखी एक फटका इंधनाला बसतो. केरोसिनची घनता अंशाला घनमीटरमागे साधारण ०.७ किलोने घटते. २० अंशांचं इंधन ४० अंशांना गेलं की पावणेदोन टक्के फुगलं. मिलीमध्ये इंधन मोजणाऱ्याला तेवढा फरक उगाच ‘बचत’ किंवा ‘नुकसान’ म्हणून दिसतो. इंधन नेहमी ग्रॅममध्ये मोजायचं. कॅन वजनकाट्यावर ठेवायचा, काटा बेंचपासून वेगळ्या ओट्यावर. आमच्याकडे तरीही रीडिंग पाच-सात ग्रॅम मागेपुढे व्हायचं. कारण होतं इंधनाची नळी: तिला पीळ होता आणि इंजिन थरथरलं की ती कॅनला वर ओढायची. मामांनी नळी छताच्या अँगलला सुती दोऱ्याने टांगली आणि टोक कॅनच्या कडेला न टेकवता आत लोंबतं सोडलं. काटा स्थिर झाला.

धुराची नळी आणि पीयूसीचं मशीन

धूर कुठून घ्यायचा? नॉझलच्या तोंडापासून त्याच्या अर्ध्या व्यासाच्या आत. त्याहून मागे गेलात तर बाहेरची हवा मिसळते. एकाच बिंदूतून घेऊ नका, कारण नॉझलच्या तोंडावर धूर सगळीकडे सारखा नसतो. वाळूजच्या एका फॅब्रिकेटरकडून आम्ही स्टेनलेस नळीचा अधिकचिन्हासारखा प्रोब करून घेतला. चारही भुजांवर सारख्या अंतरावर बारीक छिद्रं, सगळा वायू मध्ये एकत्र येतो. प्रोबपासून मीटरपर्यंतची नळी थंड पडली की जड हायड्रोकार्बन तिच्या भिंतीला चिकटून बसतं आणि मीटरला ते कमी दिसतं. मोठ्या इंजिनांच्या चाचणीत हायड्रोकार्बनची नळी १६० अंशांना तापती ठेवतात. आम्ही हीटिंग टेप गुंडाळतो आणि टेपखाली थर्मोकपल (तापमान मोजायची तार) लावून तापमान लिहून ठेवतो.

आता मीटर. बहुतेक कॉलेजांत गाड्यांचं पीयूसी काढायचं मशीन असतं आणि त्यावरच प्रोजेक्ट होतात. त्याच्या पडद्यावर कार्बन मोनॉक्साइडचा शेवटचा आकडा ०.०१ टक्का, म्हणजे १०० पीपीएम (दहा लाखांत १०० भाग). आपल्याला बघायचा फरक ५० पीपीएमचा असेल तर ते मशीन तो कधीच दाखवणार नाही, कितीही वेळा मोजा. हायड्रोकार्बनही ते हेक्झेन (सहा कार्बनचा रेणू) धरून सांगतं. कार्बनच्या हिशोबाला सहाने गुणावं लागतं आणि तरी केरोसिनच्या जड रेणूंना ते नीट पकडत नाही. कार्बन मोनॉक्साइडसाठी कमी पल्ल्याचं इन्फ्रारेड मीटर आणि हायड्रोकार्बनसाठी तापता फ्लेम आयोनायझेशन डिटेक्टर लागतो. विकत घेणं परवडत नसेल तर विद्यापीठातून किंवा एमआयडीसीतल्या एखाद्या चाचणी केंद्रातून आठवडाभर भाड्याने मिळतो का बघा. त्याशिवाय ज्वलनक्षमतेचा आकडा छापू नका.

मीटर सुरू करून तासभर तापू द्या. प्रत्येक चाचणीआधी आणि नंतर शून्य व प्रमाणित (प्रमाण आधीच माहीत असलेल्या) गॅसने तपासा, दोन्ही आकडे वहीत लिहा. लाइट गेली-आली तर पुन्हा पहिल्यापासून. आमच्याकडे स्टॅबिलायझर आणि यूपीएस आहे, तरी हा नियम पाळतो.

हिशोब

समजा आयडलला धुरात, हवेतला मूळचा ०.०४ टक्का वजा करून, कार्बन डायऑक्साइड २ टक्के म्हणजे २०,००० पीपीएम आहे, कार्बन मोनॉक्साइड ८०० पीपीएम, आणि हायड्रोकार्बन कार्बनच्या हिशोबाने २०० पीपीएम. इंधनातला सगळा कार्बन या तिघांत गेला, म्हणून बेरीज २१,०००. (काजळीतला कार्बन वजनाने फारच थोडा, तो सोडून देता येतो.)

मोनॉक्साइडचा रेणुभार २८, आणि केरोसिनमध्ये एका कार्बनमागे साधारण १.९२ हायड्रोजन, म्हणून इंधनाचा एका कार्बनमागचा भार १३.९५. तेव्हा एक किलो इंधनामागे मोनॉक्साइड = (२८ ÷ १३.९५) × (८०० ÷ २१,०००) × १,०००, म्हणजे साधारण ७६.५ ग्रॅम. मोनॉक्साइडच्या किलोत १०.१ मेगाज्यूल उष्णता अडकलेली असते, इंधनाच्या किलोत साधारण ४३.२. म्हणून वाया गेली ०.०७६५ × १०.१ ÷ ४३.२, म्हणजे १.७९ टक्के. हायड्रोकार्बन हे न जळलेलं इंधनच धरलं तर २०० ÷ २१,००० म्हणजे ०.९५ टक्के. दोन्ही १०० मधून वजा करा: ज्वलनक्षमता ९७.२६ टक्के.

आता मोनॉक्साइड ८०० वरून ७५० झालं असं समजा. क्षमता वाढते फक्त ०.११ टक्क्याने. आयडलला पाच मिनिटांत ४०० ग्रॅम इंधन जातं, आपला काटा एक ग्रॅम दाखवतो, म्हणजे त्याची पायरीच पाव टक्क्याची. हा फरक इंधनाच्या वजनात दिसणं शक्यच नाही, धुरातच दिसेल. म्हणूनच काटा आणि थर्मोकपल लावून ज्वलनक्षमता काढल्याचे अहवाल मी वाचते तेव्हा पहिल्यांदा काटा किती बारीक मोजतो आणि धूर मोजला होता का, हीच दोन पानं उघडून बघते.

दोन गोष्टी राहिल्या. मीटरमध्ये जाण्याआधी पाणी गाळून टाकत असाल तर तो आकडा कोरड्या वायूचा, तापत्या डिटेक्टरचा ओल्या वायूचा. बेरजेआधी दोन्ही एकाच पायावर आणा. आणि धुरावरून काढलेलं हवा-इंधन प्रमाण प्रत्यक्ष मोजलेल्या हवेशी व इंधनाशी जुळतंय का बघा. मोठ्या इंजिनांत ते १० टक्क्यांच्या आत, आयडलला १५ टक्क्यांच्या आत असावं लागतं. जुळत नसेल तर प्रोब गळतो आहे किंवा चुकीच्या जागी आहे.

कपाट उघडायचा दिवस

साध्या इंधनाच्या दहा चाचण्या झाल्या की त्यांचं प्रमाण विचलन (रीडिंग सरासरीपासून किती पसरतात तो आकडा) काढा. ते ०.१ टक्का निघालं आणि तुम्हाला ०.२ टक्क्याचा फरक शोधायचा असेल, तर प्रत्येकी चार चाचण्यांत काम भागतं. ०.१ टक्क्याचाच फरक शोधायचा असेल तर प्रत्येकी सोळा लागतात. हा आकडा आधी ठरवा आणि वहीत तारखेसह लिहा. मधेच ‘आणखी दोन घेऊ, फरक दिसेल’ असं करायचं नाही.

क्रम साधं, अ‍ॅडिटिव्ह, अ‍ॅडिटिव्ह, साधं असा ठेवा. सकाळ चढत जाते तसा हवेचा हळूहळू होणारा बदल त्यात दोन्ही बाजूंना सारखा वाटला जातो. इंधन बदललं की तीन मिनिटं नुसतं चालवा, म्हणजे नळ्यांतलं जुनं निघून जाईल, आणि मग पाच मिनिटं स्थिर झाल्यावर रीडिंग. शेवटचं साधं इंधन पहिल्या साध्या इंधनाच्या जवळ परत आलं पाहिजे. नाही आलं तर इंजिनात काही बदललं आहे, काजळी सुटली असेल, इनलेटला काळ्या मातीची धूळ बसली असेल. तो दिवस बाद.

कॅनवर फक्त ‘क’ आणि ‘ख’. कशात काय हे मामा ठरवतात आणि बंद पाकिटात ठेवतात. रीडिंग घेणाऱ्या मुलांना आणि मलाही ते माहीत नसतं. आपल्या मनात काय यावं असं वाटत असतं ते डोळ्यात उतरतं, काटा कुठे स्थिर झाला हे ठरवताना सुद्धा. सगळी गणितं संपल्यावरच पाकीट फोडायचं.

कंदिलाची चाचणी

इंजिन चालवायच्या आधी एक स्वस्त चाचणी जरूर करा, स्मोक पॉइंट. ठरलेल्या मापाचा वातीचा दिवा असतो, मागे मिलिमीटरची पट्टी. वात वर घेत जायची, ज्वालेच्या टोकातून धुराची शेपटी निघाली की हळूहळू खाली घ्यायची आणि शेपटी जिथे नाहीशी होते तिथली उंची वाचायची. जेट ए-१ ला किमान २५ मिलिमीटर हवेत. नॅफ्थलीन ३ टक्क्यांपेक्षा कमी असेल तर थोडी सूट आहे. अ‍ॅरोमॅटिक्स जितके जास्त तितकी ज्वाला लवकर धुरते.

सेलूला आमच्या घरी लाइट गेली की आजी कंदील लावायची आणि मी अभ्यास करताना जास्त उजेडासाठी वात वर करायचे. “वात खाली घे गं, काच काळी व्हायलीय,” असं ती चुलीपुढूनच म्हणायची. काचेकडे तिची पाठ असायची. वासावरूनच तिला कळायचं. पहिल्यांदा हा दिवा लॅबमध्ये लावला तेव्हा कुठली शेपटी शोधायची हे मला कुणी दाखवावं लागलं नाही. मुलांना मात्र दाखवावं लागतं, कारण बहुतेकांनी कंदील जळताना पाहिलेलाच नाही. दोघांना वेगवेगळं वाचायला लावा. एक मिलिमीटरहून जास्त फरक पडला तर पुन्हा. अ‍ॅडिटिव्ह घालून स्मोक पॉइंट बदलला, तर इंजिनात काजळीकडे विशेष लक्ष द्यायचं. नाही बदलला तरी इंजिनाची चाचणी घ्यायचीच, कारण दिव्यात दाबही नाही आणि फवाराही नाही.

फवाऱ्यावरून आठवलं. आमच्या इंजिनात इंधन बारीक नळ्यांत तापून वाफ होऊन जळतं, मोठ्या विमानाच्या इंजिनात ते दाबाने किंवा हवेच्या झोताने फवारलं जातं. एखादं अ‍ॅडिटिव्ह इंधनाचा घट्टपणा किंवा पृष्ठताण बदलून थेंब बारीक करत असेल, तर त्याचा फायदा आमच्या बेंचवर दिसणारच नाही. अहवालात हे पहिल्याच पानावर लिहा, शेवटच्या पानावर ‘मर्यादा’ म्हणून नको.

चाचणी संपली की इंजिन थंड होईपर्यंत स्टार्टरने फिरवत राहायचं, नाहीतर बेअरिंगजवळचं तेल करपतं. प्रोब खोलून छिद्रं बारीक तारेने साफ करायची, आमच्याकडे स्टोव्हच्या पिनाच वापरतो. कॅनमध्ये उरलेलं मिश्रण परत पिंपात ओतायचं नाही. त्यावर तारीख, अक्षर आणि प्रमाण लिहून ते वेगळ्या कपाटात. मग पाकीट मामांच्या समोर फोडायचं, कुठलं अक्षर कशाचं ते वहीत शाईने लिहायचं, आणि निकाल काहीही आलेला असो, खाली दोघांनी सही करायची.